कट चुकला की आठवड्याची कमाई शून्य : गोल्फविषयी तुमचे प्रश्न

मागच्या अंकात व्यावसायिक गोल्फपटूच्या कमाईविषयी थोडंसं लिहिलं आणि भरपूर पत्रं आली. सगळ्यांना इथे जागा देता येणार नाही, म्हणून सारख्या प्रश्नांमधलं एकेक पत्र निवडलं आहे. नव्या वाचकांसाठी सांगते, मी प्रो म्हणून देशातल्या महिला टूरवर खेळले, आता पुण्यात मुलांना शिकवते. पत्र पाठवणाऱ्यांची नावं दिलेली नाहीत.

आमची मुलगी नववीत आहे. काही वर्षं गोल्फ शिकतेय, ज्युनियर स्पर्धा खेळते. आता म्हणते, दहावीनंतर फक्त गोल्फ. घरात आम्ही दोघंही नोकरदार. तिचे बाबा म्हणतात, हा पैसेवाल्यांचा खेळ, यात पोट भरत नाही. खरं काय ते सांगाल? — एक आई, पुणे

ताई, तिच्या बाबांचा प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी हिशेब, मग मुलीविषयी.

गोल्फमध्ये पगार नसतो. क्रिकेटपटूला करार असतो, सामन्याचं मानधन असतं. गोल्फपटू स्पर्धेला येतो तो स्वतःच्या खर्चाने, वर प्रवेश फी भरून. पुरुषांची स्पर्धा साधारण चार दिवसांची, रोज १८ होल. पहिले दोन दिवस सगळे खेळतात आणि मग कट लागतो. आपल्या पीजीटीआय टूरवर, म्हणजे देशातल्या पुरुषांच्या व्यावसायिक टूरवर, पहिले ५० आणि पन्नासाव्याच्या बरोबरीत असलेले पुढे जातात. बाकीच्यांना एक रुपयाही मिळत नाही. आमची महिला टूरची स्पर्धा तीन दिवसांची असते, पण कट तिथेही आहेच.

कटची ती संध्याकाळ घरच्यांनी एकदा तरी जवळून बघावी. सकाळचे गट खेळून मोकळे झालेले असतात, दुपारचे अजून कोर्सवर असतात. तुमचा स्कोअर कटच्या रेषेवर असेल, तर क्लबहाउसच्या बाहेर बसून फोनवर लीडरबोर्ड बघत राहायचं. मागच्या गटातल्या कोणाची बोगी झाली, म्हणजे होलला ठरल्यापेक्षा एक फटका जास्त लागला, की रेषा सरकते आणि तुम्ही आत येता. कोणी शेवटच्या होलवर बर्डी केली, म्हणजे एक फटका कमी, की बाहेर. हॉटेलची खोली ठेवायची की सोडायची, परतीचं तिकीट कधीचं काढायचं, कॅडीला, म्हणजे बॅग उचलणाऱ्या मदतनिसाला, उद्या किती वाजता बोलवायचं, सगळं त्या एका शॉटवर अडलेलं असतं. अशा कितीतरी संध्याकाळी मी बॅग अर्धी भरून बसलेली आहे.

आता पैसे. पीजीटीआयच्या एक कोटीच्या स्पर्धेत विजेत्याला १५ लाखांच्या आसपास मिळतात. तिथून आकडा भराभर खाली येतो. जेमतेम कट पार करणाऱ्याला जे मिळतं, त्यात त्या आठवड्याचा खर्च सुटला तरी नशीब. प्रवास, राहणं, जेवण, प्रवेश फी आणि कॅडी धरून माझ्या हिशेबाने एका आठवड्याला ४०-५० हजार सहज लागतात. दोघांनी एक खोली वाटून घेतली तर थोडे कमी. शिवाय कोच, व्यायाम, ग्लव्ह, आणि चांगले चेंडू डझनाला चार-पाच हजारांचे. महिला टूरवर बक्षिसाची रक्कम पुरुषांपेक्षा बरीच कमी आहे. त्यामुळे आपल्या मुलींना खरी कमाई करायची तर लेडीज युरोपियन टूर किंवा अमेरिकेतली एलपीजीए इथवर पोचावंच लागतं. अदिती अशोक, दीक्षा डागर, मैसुरूची प्रणवी उर्स या मुली तिथे पोचल्या आहेत, म्हणजे वाट आहे. पण ती अरुंद आहे, हे आधी मान्य करा.

पैसेवाल्यांचा खेळ म्हणाल, तर सुरुवातीचा खर्च नक्कीच जास्त आहे. सेट, सरावाच्या रेंजचे बादलीभर चेंडू, कोर्सची फी, कशातच सूट नाही. पण अदितीचं उदाहरण सांगते. बंगळुरूचं साधं कुटुंब, घरात कोणी गोल्फ खेळत नव्हतं. कर्नाटक गोल्फ असोसिएशनच्या कोर्सजवळच्या हॉटेलात ते नाश्त्याला जायचे, तिथून लोक खेळताना दिसायचे. साडेपाच वर्षांच्या पोरीला घेऊन एक दिवस आत गेले आणि तिघांनीही एकदमच खेळ शिकायला घेतला. पुढे वडिलांनी तिची बॅग उचलली, रिओ ऑलिम्पिकमध्ये तेच तिचे कॅडी होते. टोकियोत आई होती. २०१५ च्या शेवटी, १७ व्या वर्षी, तिने युरोपियन महिला टूरचं क्यू-स्कूल, म्हणजे पात्रता स्पर्धा, जिंकलं आणि १ जानेवारी २०१६ पासून प्रो झाली. त्याच नोव्हेंबरात गुरुग्रामला महिलांची इंडियन ओपन जिंकली. युरोपियन महिला टूरवर जिंकणारी ती पहिली भारतीय. आणि हे सगळं करताना बारावीही त्याच वर्षी झाली. तेव्हा दहावीनंतर शाळा सोडण्याची गरज नाही, हे मुलीला माझ्या नावाने सांगा.

शिक्षण चालू ठेवण्याचं अजून एक व्यवहारी कारण आहे. अमेरिकेतली विद्यापीठं चांगल्या खेळाडूंना गोल्फच्या जोरावर शिष्यवृत्ती देतात. चार वर्षं उत्तम कोर्सवर स्पर्धा, कोच, व्यायामशाळा आणि हातात पदवी. इंडियन गोल्फ युनियनच्या ज्युनियर आणि हौशी स्पर्धांमधली कामगिरी आणि बारावीचे गुण, दोन्ही तिथे बघतात.

आता मुलीविषयी. तिचा सगळ्यात चांगला स्कोअर मला सांगू नका, तो सगळेच सांगतात. तिच्या गेल्या काही महिन्यांतल्या सगळ्या फेऱ्या वहीत लिहून काढा आणि त्यातल्या वाईट फेऱ्या बघा. पाऊस पडला, झोप झाली नाही, पहिल्याच होलवर चेंडू झुडपात गेला, त्या दिवशी तिने किती मारले? चांगल्या दिवशी हौशी खेळाडूही प्रोच्या बरोबरीने खेळतो. प्रो वेगळा पडतो तो वाईट दिवशी. जिथे दुसऱ्याचे ८२ झाले असते तिथे तो ७४ वर आणून सोडतो, आणि कट त्यावर पार होतो. मुलीचा वाईट दिवस दर सहा महिन्यांनी एक-दोन शॉटने सुधारत असेल, तर तिच्यामागे उभं राहा. आणि एक, ती रेंजवर ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, मारायला आपणहून जाते, ते ठीक. कोणी न सांगता तासभर चार फुटांचे पट, म्हणजे चेंडू घरंगळत होलमध्ये घालायचे फटके, मारत बसते का, ते बघा.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोकचं पदक एका शॉटने गेलं, तेव्हा मी पहाटेपासून टीव्हीसमोर होतो. गोल्फ त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तिचं नशीब आडवं आलं, की खेळात काही कमी पडलं? — एक निवृत्त शिक्षक, सातारा

गुरुजी, तुमच्यासारखे कितीतरी लोक त्या शनिवारी पहिल्यांदाच गोल्फ बघत होते, आणि त्यासाठी मी अदितीची कायमची ऋणी आहे.

कासुमिगासेकीच्या त्या कोर्सचा पार ७१ होता, म्हणजे चांगल्या खेळाडूने १८ होल ७१ फटक्यांत संपवणं अपेक्षित. अदितीने चार दिवसांत ६७, ६६, ६८, ६८ मारले. पारपेक्षा एकूण १५ कमी. चारही दिवस साठीत! ऑलिम्पिकच्या दडपणाखाली असा एकसारखा खेळ म्हणजे काय, हे ज्याने स्पर्धा खेळली आहे त्यालाच कळेल. शेवटच्या दिवशी जपानची मोने इनामी आणि न्यूझीलंडची लिडिया को या दोघींनी ६५ मारले आणि १६ कमी अशा बरोबरीत आल्या. अमेरिकेची नेली कोर्डा १७ कमीवर सुवर्ण घेऊन गेली. अदितीचा अठराव्या होलवरचा लांबचा पट होलजवळून गेला. तो पडला असता तर ब्राँझ आणि रौप्यासाठी तिघींचा प्लेऑफ, म्हणजे बरोबरी सोडवायला जादा होल, झाला असता.

नशिबाला मी बोल लावणार नाही. त्या वर्षी तिला कोव्हिड होऊन गेला होता आणि त्यानंतर तिचा चेंडू पूर्वीपेक्षा कमी अंतर जात होता. मुळातही ती लांब मारणाऱ्यांतली नाही. ड्रायव्हर मारून झाल्यावर तिचा चेंडू नेलीच्या चेंडूच्या बराच मागे असायचा. नेली हातात लहान आयर्न घेऊन ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, मारायची, तिथे अदितीला हायब्रिड किंवा वूड काढावी लागायची. लांबच्या क्लबने मारलेला चेंडू ग्रीनवर टेकतो तो झेंड्यापासून दूर आणि थांबायलाही वेळ घेतो. ही सगळी तूट तिने पटरने भरून काढली. जागतिक क्रमवारीत तेव्हा ती २०० व्या स्थानाच्या आसपास होती, गुरुजी. तिथून चौथी.

आणि ऑलिम्पिक संपल्यावर ती थांबली नाही, हे जास्त महत्त्वाचं. २०२३ मध्ये तिने केनियातली स्पर्धा नऊ शॉटच्या फरकाने जिंकली आणि वर्षअखेरीस स्पॅनिश ओपनही घेतली. ते सामने आपल्याकडे फारसे कोणी पाहिले नाहीत. पुढच्या वेळी तिची एखादी साधी, ऑलिम्पिक नसलेली स्पर्धाही बघा. बोगीनंतर पुढच्या होलच्या सुरुवातीला, टीवर, ती कशी चालते, ते मुद्दाम बघा.

मी मुंबईत कॅडी आहे, बारावी झालोय. सोमवारी आम्हाला खेळायला मिळतं. मेंबर लोक म्हणतात, हात चांगला आहे, प्रो हो. पण माझ्याकडे पूर्ण सेट पण नाही. कॅडीचा प्रो खरंच होतो का? — एक कॅडी, चेंबूर

भाऊ, होतो. आपल्या देशातलं व्यावसायिक गोल्फ बऱ्याच अंशी कॅडी आणि माळ्यांच्या मुलांनी उभं केलं आहे, आणि हे मोठ्याने सांगितलं पाहिजे.

दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून काम करणाऱ्या अली शेरने १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली. तोवर भारतीय प्रोने ती कधी जिंकली नव्हती. १९९३ मध्ये त्याने परत जिंकली. त्यानंतरचं नाव कोलकात्याच्या एस. एस. पी. चौरसियाचं. वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर ग्रीनकीपर. १८२९ सालचा हा क्लब, ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सगळ्यात जुना. त्याच आवारात पोरगं चेंडू मारायला शिकलं. १९९७ मध्ये प्रो झाला. २००८ मध्ये दिल्लीला इंडियन मास्टर्स ही युरोपियन टूरची स्पर्धा झाली, एकूण बक्षीस २५ लाख डॉलर, आणि ती चौरसियाने जिंकली. रातोरात युरोपचं कार्ड, म्हणजे तिथल्या टूरवर खेळण्याचा हक्क, हातात आला.

पण मला त्याच्या इंडियन ओपनची गोष्ट जास्त जवळची वाटते. २०१५ मध्ये शेवटच्या दिवशी सकाळी तो आघाडीवर होता आणि अनिर्बन लाहिरी त्याच्या सात शॉट मागे. संध्याकाळपर्यंत दोघं बरोबरीत आले आणि प्लेऑफमध्ये पहिल्याच होलवर लाहिरी जिंकला. याआधीही तीनदा चौरसिया याच स्पर्धेत दुसरा आला होता. घरच्या मैदानावर, घरच्या लोकांसमोर चौथ्यांदा दुसरा. पुढच्या वर्षी तोच दिल्लीचा कोर्स, तोच लाहिरी पाठीवर, आणि या वेळी चौरसियाने दोन शॉटने जिंकली. २०१७ मध्ये गुरुग्रामला परत जिंकली, सात शॉटने. मधे २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकलाही जाऊन आला.

त्याच्या खेळात तुझ्यासाठी शिकण्यासारखं आहे. त्याचा चेंडू लांब जात नाही. तो जिंकतो चिप, म्हणजे ग्रीनजवळचे छोटे फटके, आणि पटवर. दिल्लीचा कोर्स अरुंद, दोन्ही बाजूंना झुडपं. तिथे ५० यार्ड जास्त मारणाऱ्यापेक्षा सरळ मारणारा आणि ग्रीनभोवती हात बसलेला माणूस पुढे राहतो. हा हात बसवायला पूर्ण सेट लागत नाही. एक वेज, एक पटर आणि जुने चेंडू तुझ्याकडे असतीलच. नियमाने बॅगेत १४ क्लब चालतात, पण १४ असलेच पाहिजेत असं कुठे लिहिलेलं नाही.

आणि तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी मेंबरच्या मुलाकडे नसते. तू रोज ग्रीन वाचतोस. आमच्या कोर्सवरचे कॅडी काका मला पटच्या मागे उभं करायचे आणि म्हणायचे, उतार नंतर बघ, आधी गवत कुठे झोपलंय ते बघ. आपल्याकडच्या बर्म्युडा गवताला ग्रेन असतं. चमकत्या बाजूने मारलं तर चेंडू पळतो, काळसर बाजूकडून मारलं तर अडतो. संध्याकाळपर्यंत गवत वाढलं की हा फरक आणखी जाणवतो. मी पैसे देऊन कोचकडे जे शिकले, त्याहून जास्त पट मला या माणसाने शिकवले. हे ज्ञान तुझ्या अंगात आहे, ते स्वतःच्या खेळात वापर.

आता करायचं काय? कॅडीच्या कामाचे पैसे घेतल्याने हौशी खेळाडूचा दर्जा जात नाही, त्यामुळे काम चालू ठेव. कोणाला शिकवण्याचे पैसे घेतलेस तर मात्र जाऊ शकतो, म्हणून आत्ता त्या भानगडीत पडू नकोस. क्लबच्या कॅडी स्पर्धेत स्वतःच्या सगळ्या फेऱ्यांचं कार्ड जपून ठेव. क्लबचे कॅप्टन किंवा हेड प्रो यांना ते दाखव आणि सरावाची वेळ आणि जुना सेट, एवढंच माग. बऱ्याच क्लबांतले मेंबर वर्गणी काढून चांगल्या कॅडीला क्यू-स्कूलला पाठवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. क्यू-स्कूल म्हणजे पीजीटीआयचं कार्ड मिळवण्याची पात्रता स्पर्धा. ठरावीक जागा असतात, बाकीचे पुढच्या वर्षी परत. स्वतःच्या कोर्सवर, सोमवारच्या नाही तर स्पर्धेच्या टीवरून, पारच्या आसपास सातत्याने खेळायला लागलास की फॉर्म भर. त्याआधी भरू नकोस, फी वाया जाईल. आणि कर्ज काढून टूरवर जाऊ नकोस. कट चुकल्यावर हप्त्याची तारीख डोक्यात असली की चार फुटांचा पट आठ फुटांचा दिसतो.

मी २७ वर्षांचा, आयटीत आहे, हॅन्डिकॅप ३. नोकरी सोडून प्रो व्हावं असं मनापासून वाटतं. वय निघून चाललंय. — हिंजवडी

आत्ता सोडू नका.

हॅन्डिकॅप, म्हणजे पारपेक्षा साधारण किती फटके जास्त लागतात तो आकडा, कसा काढतात ते आठवा. शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या आठ फेऱ्यांची सरासरी. म्हणजे तुमचे तीन हे तुमच्या चांगल्या दिवसांचे आहेत. बाकीच्या बारा फेऱ्या त्यात नाहीत, आणि कट त्या बाराच ठरवतात. टूरवरच्या खेळाडूचा हॅन्डिकॅप मोजला तर तो शून्याच्या पलीकडे, प्लस चार-पाच, म्हणजे पारपेक्षा तेवढे कमी, असा निघतो, आणि तोही जास्त लांब, जास्त कठीण कोर्सवर. म्हणजे रोज सात-आठ शॉटचं अंतर आहे.

पुण्याचाच उदयन माने घ्या. भारताचा हौशी संघ, २०१४ च्या आशियाई स्पर्धा, मग २०१५ मध्ये प्रो, मग पीजीटीआयवर एकामागून एक विजय. इतकं करूनही टोकियो ऑलिम्पिकला त्याचा नंबर लागला तो अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रियोने माघार घेतल्यावर. वरच्या पातळीवर गर्दी किती आहे, याचा अंदाज यावरून येईल.

रजा काढून हौशी खेळाडूंच्या राष्ट्रीय मालिकेतल्या स्पर्धा खेळा. तिथे १७-१८ वर्षांची पोरं भेटतील, त्यांच्याबरोबर चार दिवस काढा. तिथे सातत्याने पहिल्या दहात आलात, तर मला परत लिहा, मी स्वतः तुम्हाला क्यू-स्कूलची तयारी करून देईन.

अनिर्बन लाहिरीचा जन्म पुण्याचा, म्हणून आम्ही इथे दुबईतले पुणेकर त्याचा खेळ आवर्जून बघायचो. पण पॅरिस ऑलिम्पिकला तो नव्हता. एलआयव्ही या सौदी पैशाच्या नव्या टूरवर गेला तेव्हाच संपलं, असं मित्र म्हणतात. पैशासाठी देश सोडला, हे बरोबर आहे का? — एक वाचक, दुबई

हे वाक्य मला पटत नाही, आणि का ते जरा सविस्तर सांगते.

लाहिरीचे वडील लष्करात डॉक्टर. त्यांनीच त्याच्या हातात आठव्या वर्षी क्लब दिला. पुढे तो बंगळुरूला विजय दिवेचा यांच्याकडे घडला आणि २००७ मध्ये प्रो झाला. देशातली टूर, मग आशियाई टूर, मग २०१५ मध्ये मलेशियन ओपन आणि इंडियन ओपन ही लागोपाठची यशं. त्याच वर्षी अमेरिकेत व्हिसलिंग स्ट्रेट्सला पीजीए चॅम्पियनशिपमध्ये तो पाचव्या स्थानावर आला. मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सगळ्यात मोठ्या, स्पर्धेत कोणा भारतीयाने तोवर एवढं वरचं स्थान मिळवलं नव्हतं.

मग अमेरिकेची पीजीए टूर. तिथली वर्षं सोपी नव्हती. त्या काळात वर्षअखेरीला गुणतालिकेत पहिल्या १२५ मध्ये असलेल्यांचं कार्ड टिकायचं. १२६ वा आलात तर पुढच्या वर्षी कुठे खेळायचं हाच प्रश्न. परदेशात संसार, लहान मुलं, आणि दर आठवड्याला कट. २०२१ मध्ये तो या रेषेच्या जेमतेम आत राहिला. २०२२ च्या मार्चमध्ये प्लेयर्स चॅम्पियनशिपला आला तेव्हा जागतिक क्रमवारीत ३०० च्या पलीकडे होता. पावसाने स्पर्धा सोमवारपर्यंत लांबली. अठराव्या होलवर बर्डी झाली असती तर कॅमेरॉन स्मिथशी प्लेऑफ झाला असता. ती झाली नाही. एका शॉटने दुसरा, पण बक्षीस २१ लाख ८० हजार डॉलर. ज्या माणसाने वर्षानुवर्षं वाईट दिवस सावरून कार्ड टिकवलं, त्याच्याच वाट्याला असा एखादा आठवडा येतो.

त्याच वर्षी एलआयव्हीने बोलावलं. तिथे तेव्हा ४८ खेळाडू, तीन दिवस, ५४ होल आणि कट नाही. शेवटच्या क्रमांकालाही एक लाख वीस हजार डॉलर. बोस्टनच्या स्पर्धेत तर तो प्लेऑफपर्यंत गेला आणि तिथे डस्टिन जॉन्सनकडून हरला. किंमत काय मोजावी लागली? तिथल्या स्पर्धांना जागतिक क्रमवारीचे गुण नव्हते. ऑलिम्पिकची निवड त्याच क्रमवारीवर होते. क्रमांक घसरत गेला आणि पॅरिसला शुभंकर शर्मा आणि गगनजीत भुल्लर गेले.

मला त्याचं पॅरिसमध्ये नसणं लागलं. रिओ आणि टोकियो दोन्हीकडे तो भारतासाठी खेळला होता आणि मेजरमध्येही त्याला बघायची सवय झाली होती. पण देश सोडला म्हणणं अन्याय आहे. पंधरा वर्षं कटच्या रेषेवर जगलेल्या माणसाला खात्रीचं उत्पन्न मिळालं आणि त्याने ते घेतलं. मी त्याच्या जागी असते तर मीही घेतलं असतं. सौदी पैशाने खेळाचं काय भलं झालं, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर एकट्या खेळाडूकडून मागू नये.

मी राहुरीला कृषी शाखेत शिकतो. गोल्फ खेळता येत नाही, पण तुमच्या मागच्या लेखात ग्रीनच्या गवताचा उल्लेख होता. या क्षेत्रात कृषी पदवीधराला काम आहे का? — एक विद्यार्थी, राहुरी

तुमचं पत्र बघून फार आनंद झाला, कारण हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

काम आहे, आणि माणसं कमी आहेत. ग्रीनवरचं गवत साधारण तीन-चार मिलिमीटरवर कापतात, तेही रोज. एवढ्या बारीक कापलेल्या गवताला जिवंत ठेवणं ही शेतीतली कठीण कामगिरी आहे. मुळं उथळ राहतात, पाणी जरा जास्त झालं की बुरशी, जरा कमी झालं की पिवळेपणा. माती घट्ट होते म्हणून पोकळ दात्यांच्या यंत्राने भोकं पाडून त्यात वाळू भरावी लागते. आपल्या पावसात निचरा बिघडला की आठवडाभरात ग्रीन हातचं जातं. समुद्रकाठच्या कोर्सवर खारं पाणी सोसणारं पास्पालम गवत लावतात, आतल्या भागात बहुतेक बर्म्युडा. ग्रीनचा वेग मोजायला स्टिम्पमीटर असतो. ठरावीक उतारावरून चेंडू सोडायचा आणि तो किती फूट गेला ते बघायचं. स्पर्धेच्या आठवड्यात हा आकडा रोज सकाळी मोजतात आणि सगळ्या ग्रीनवर तो सारखा यायला हवा. दोन ग्रीनमध्ये दोन फुटांचा फरक पडला तर खेळाडू पहिल्याच दिवशी तुमच्या नावाने ओरडतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

मृदाशास्त्र, सिंचन आणि वनस्पतिरोग हे तुमचे विषय इथे थेट कामाला येतात. एखाद्या कोर्सच्या सुपरिंटेंडेंटना लिहा आणि उन्हाळ्याच्या सुट्टीऐवजी पावसाळ्यात महिनाभर काम मागा, कारण खरी अडचण तेव्हाच बघायला मिळते. पुणे-मुंबईचे कोर्स तर आहेतच, खारघरला सिडकोचाही आहे. पगार सुरुवातीला बेताचा मिळेल, पहाटे चारला उठावं लागेल, पण पुढे आखातात आणि आग्नेय आशियात या कामाला चांगली मागणी आहे. तुमचा मृदा परीक्षणाचा एखादा प्रकल्प झालेला असेल तर तो अर्जासोबत जोडा. आणि जाण्याआधी थोडं खेळून बघा, एक पटर आणि एक चेंडू पुरे. चेंडू कसा पळतो ते हाताला कळलं, की गवत कसं हवं तेही लवकर कळेल.